भट्टी मीच बांधली!

(दृश्य : इस्तंबूल, आया सोफिया. वरच्या मजल्यावरची दक्षिणेकडची गॅलरी. कॅमेरा हळूहळू भिंतीकडे सरकतो.)

हे भित्तिचित्र नीट बघा. मध्ये येशू. त्याच्या एका बाजूला सम्राट, हातात पैशांची थैली. दुसऱ्या बाजूला सम्राज्ञी झोई, हातात गुंडाळी. काचेचे आणि सोन्याचे बारीक बारीक तुकडे बसवून केलेलं काम. हजार वर्षं होत आली, तरी खिडकीतून ऊन आलं की ती सोनेरी पार्श्वभूमी अजून लखलखते.

आता सम्राटाच्या मानेकडे बघा. अंगरखा जुना आहे, डोकं नवं आहे. मूळचं डोकं खरवडून काढलं आणि त्या जागी दुसरं बसवलं. डोक्यावरचं नावही बदललं. आज तिथे कॉन्स्टँटिन मोनोमाखोस असं वाचता येतं. हा झोईचा तिसरा नवरा. चित्र बहुधा पहिल्या नवऱ्याच्या काळात झालं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. धड एकाचं, शिर दुसऱ्याचं, आणि हातातली थैली मात्र तीच.

ही डोकी बदलत कोण होतं? आपली गोष्ट त्यांची आहे. ती बहुतेक सगळी अकराव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपल नावाच्या शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये घडते. इथले लोक बोलायचे ग्रीक आणि स्वतःला म्हणवायचे रोमन. बायझंटाइन हे नाव त्यांना फार नंतर, दुसऱ्यांनी दिलं.

(दृश्य : सोन्याची नाणी, अगदी जवळून.)

आधी ती थैली. इसवी सन ९५० च्या सुमारास इटलीहून ल्युटप्रांड नावाचा एक वकील, म्हणजे राजदूत, दरबारात आला होता. पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवाराच्या, आदल्या आठवड्यात त्याने पगारवाटप पाहिलं, आणि ते तो आयुष्यभर विसरला नाही. लांबलचक टेबल. त्यावर मोहरांच्या थैल्या, प्रत्येक थैलीवर रक्कम लिहिलेली. सम्राट स्वतः समोर बसलेला. एकेका अधिकाऱ्याच्या नावाचा पुकारा व्हायचा. पहिला आला राजवाड्याचा प्रमुख. त्याची थैली हातात न देता खांद्यावर ठेवली, सोबत रेशमी झगे. मग सेनापती आणि आरमारप्रमुख. त्यांच्या थैल्या उचलवेनात, मदतीला माणसं घेऊन त्या फरफटत न्याव्या लागल्या. त्यांच्यामागे चोवीस जण, प्रत्येकाला चोवीस लिट्रा सोनं. लिट्रा म्हणजे साधारण ३२० ग्रॅम, बहात्तर मोहरा. हे वाटप तीन दिवस चाललं. सम्राटाने ल्युटप्रांडला विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, मलाही काही मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. सम्राट हसला आणि त्यालाही एक लिट्रा सोनं देऊन टाकलं.

यातली गंमत अशी, की साम्राज्यातली मोठ्यातली मोठी माणसंही वर्षातून एकदा हात पसरून सम्राटापुढे उभी राहत. जमीनजुमला असो नसो, दरबारातलं पद म्हणजे त्या थैलीचा आकार. त्यामुळे थैली कोण भरतो, यादी कोण करतो आणि सम्राटाच्या कानाशी कोण असतो, या तीन गोष्टींना राजमुकुटाइतकीच किंमत होती.

कानाशी असायचे खोजे, म्हणजे खच्ची केलेले सेवक. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या पदाचं नाव होतं पाराकिमोमेनोस, शब्दशः ‘शेजारी झोपणारा’. सम्राटाच्या शयनगृहाची राखण हे त्याचं काम. खोज्यावर भरवसा का? कारण सम्राट धडधाकट, अव्यंग हवा असा दंडक होता. खोज्याला तख्तावर बसता येत नसे आणि त्याच्यामागे गादी मागणारा मुलगाही नसे. म्हणून त्याच्या हाती खुशाल किल्ल्या द्यायच्या. हिशोब बरोबर होता, फक्त खोज्यालाही भाऊ असतात, पुतणे आणि भाचे असतात, एवढं त्यात धरायचं राहून गेलं.

धर्मपीठ मात्र खोज्यांना बंद नव्हतं. इथे जरा आडवाटेला जातो, कारण हा माणूस सोडवत नाही. दहाव्या शतकात थेओफिलाक्तोस नावाचा पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू होता. सम्राट रोमानोस पहिल्याचा मुलगा, खोजा, आणि घोड्यांचा वेडा. दोन हजार घोडे पाळले होते म्हणतात. त्यांना चणे-गवत नाही बरं का. पिस्ते, खजूर, मनुका, अंजीर, आणि ते सगळं सुगंधी मद्यात भिजवून, वर केशर. एकदा ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आया सोफियात मोठी उपासना चालू असताना निरोप आला, की लाडकी घोडी व्यायली. स्वारीने उपासना कशीबशी गुंडाळली, तबेला गाठला, शिंगरू पाहिलं आणि मग परत येऊन उरलेली स्तोत्रं म्हटली. हे लिहिणारे इतिहासकार त्याच्यावर खार खाऊन होते, तेव्हा घोड्यांची संख्या थोडी कमी धरायला हरकत नाही.

(दृश्य : राजवाड्याचे अवशेष, समुद्राकडची तटबंदी. संध्याकाळ.)

आता योआनिस. पाफ्लागोनियाचा, काळ्या समुद्राकाठच्या मुलखातला. घराणं सराफीचं. स्वतः खोजा, अंगावर साधूची कफनी. पदवी ‘ऑर्फानोट्रोफोस’, म्हणजे राजधानीच्या अनाथालयाचा प्रमुख. नाव गरीब वाटतं, पण त्या अनाथालयाच्या नावाने मोठी मिळकत होती. योआनिस बारा गावचं पाणी प्यायलेला. त्याने आपल्या देखण्या धाकट्या भावाला, मिखाईलला, दरबारात आणलं आणि सम्राज्ञी झोईच्या नजरेला पाडलं. झोई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, नवरा, सम्राट रोमानोस तिसरा, तिच्याकडे ढुंकून बघत नसे आणि खर्चालाही धड देत नसे. पुढचं सांगायला नको.

११ एप्रिल १०३४. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. रोमानोस हमामखान्यात आंघोळीला गेला आणि पाण्यातून जवळजवळ मेलेलाच बाहेर निघाला. कुणी त्याचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं असं बोललं गेलं. त्याच रात्री पॅट्रिआर्क आलेक्सिओसला बोलावणं गेलं, सम्राटाने बोलावलंय म्हणून. तो आला तर सम्राट मरून पडलेला, आणि झोई नव्या नवऱ्याशी लग्न लावून द्या म्हणत उभी. आलेक्सिओस गांगरला. मग पन्नास लिट्रा सोनं त्याच्यासाठी आणि पन्नास त्याच्या पुरोहितांसाठी पुढे आलं, असं स्किलित्झेस हा इतिहासकार लिहितो. लग्न लागलं.

मिखाईल चौथा सम्राट झाला. त्याला फेफऱ्याचा आजार होता. दरबारात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना पडदे टांगलेले असत. मान हलायला लागली, नजर फिरली, की सेवक झटकन पडदे ओढून घेत. समोरचे लोक पडद्याकडे बघत उभे. राज्य चालवत होता योआनिस.

हे पडदे आपल्याला माहीत आहेत ते मिखाईल प्सेलोस या दरबारी लेखकामुळे. त्याला विसरू नका, शेवटी तोच उरणार आहे. तो योआनिसच्या वेळी तरुण होता आणि त्याने त्याला जवळून पाहिलं होतं. तो लिहितो, योआनिसला दारूचं व्यसन होतं, पण प्यायल्यावरही त्याचा डोळा सहकाऱ्यांवर असे. मैफिलीत कोण काय बरळलं हे तो लक्षात ठेवी आणि नंतर त्याचा जाब विचारी. म्हणून लोक शुद्धीवरच्या योआनिसपेक्षा प्यायलेल्या योआनिसला जास्त भीत. रात्री-अपरात्री तो शहरातून फेरी मारायचा. कुठल्या वळणावर भेटेल याचा नेम नसे, त्यामुळे चार माणसं एकत्र जमायलाही कचरत.

एवढं असूनही एक हौस राहिली होती. १०३७ साली त्याला पॅट्रिआर्क व्हावंसं वाटलं. काही बिशप त्याच्या बाजूला वळले आणि त्यांनी मुद्दा काढला, की आलेक्सिओसला धर्मसभेने निवडलेलंच नाही, सम्राट बॅसिल दुसऱ्याने मरता मरता परस्पर नेमलं, तेव्हा नेमणूक बेकायदा. खरंच तसं झालं होतं. आलेक्सिओसने वाद घातला नाही. तो म्हणाला, कबूल. माझी नेमणूक बेकायदा. मग साडेअकरा वर्षांत मी ज्या ज्या बिशपांना दीक्षा दिली त्यांचीही पदं रद्द करा, मी ज्या सम्राटांना मुकुट घातला त्यांनाही बहिष्कृत करा, आणि मग ज्याला हवं त्याला मी हे पीठ सोडून देतो.

तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्याच हातून दीक्षा घेतलेले. सगळे गप्प. आणि सम्राट तर योआनिसचा सख्खा भाऊ. विषय तिथेच मिटला.

पुढे योआनिसची तब्येत नव्हे, भावाची तब्येत ढासळली. गादी घराबाहेर जाऊ नये म्हणून त्याने भाच्याला झोईच्या मांडीवर दत्तक दिलं. हा मिखाईल पाचवा. त्याचा बाप पूर्वी जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचा, म्हणून लोक पोराला ‘कालाफातिस’ म्हणत, तेच काम करणारा. डिसेंबर १०४१ मध्ये भाचा तख्तावर बसला आणि त्याने पहिल्या झटक्यातच मामाला काढलं. प्रसंग बघण्यासारखा आहे. योआनिस रुसून शहराबाहेर गेला होता. त्याला परत बोलावलं. जहाज बंदराकडे येताना सम्राट उंचावरून बघत होता. ठरलेली खूण झाली, जहाज माघारी फिरवलं, दुसऱ्या मोठ्या गलबताने योआनिसला उचललं आणि तिथून थेट हद्दपारी.

मग भाच्याने झोईलाही बेटावर पाठवलं, आणि इथे त्याचा अंदाज साफ चुकला. एप्रिल १०४२ मध्ये अख्खं शहर उठलं. कधी उंबरठा न ओलांडलेल्या बायकाही रस्त्यावर आल्या, प्सेलोसने हे स्वतः पाहिलं. भाचा मठात लपला, तिथून त्याला ओढून काढलं आणि त्याचे डोळे काढले. पुढच्या वर्षी योआनिसचेही डोळे काढले गेले, आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

(दृश्य : आया सोफियाचा घुमट, खालून.)

फेब्रुवारी १०४३ मध्ये आलेक्सिओस वारला. त्याने बांधलेल्या मठात दडवलेलं सोनं सापडलं, अडीच हजार लिट्रा. आजच्या मापात आठशे किलोच्या घरात. कफनीतल्या माणसाकडे! नव्या सम्राटाने, म्हणजे चित्रातल्या त्या कॉन्स्टँटिनने, सगळं जप्त केलं.

रिकाम्या पीठावर आला मिखाईल केरुलारियोस. हा मुळात धर्माच्या वाटेवरचाच नव्हता. १०४० मध्ये मिखाईल चौथ्याविरुद्ध एक कट शिजला होता. तो साधला असता तर केरुलारियोस सम्राट व्हायचा. कट फुटला, मालमत्ता गेली, हद्दपारी झाली, आणि मग तो साधू झाला. म्हणजे बघा, योआनिस कारभारी होता आणि त्याला पॅट्रिआर्क व्हायचं होतं. केरुलारियोसला सम्राट व्हायचं होतं आणि तो पॅट्रिआर्क झाला. पहिल्याला जे साधलं नाही ते दुसऱ्याला नको असताना मिळालं. पण तख्ताची चव मनातून गेली नव्हती.

त्याचं नाव जगभर घेतलं जातं ते १०५४ सालासाठी. १६ जुलैला पोपचा दूत हुंबेर्ट आया सोफियात शिरला आणि केरुलारियोसला बहिष्कृत करणारा कागद त्याने वेदीवर ठेवला. आठच दिवसांत केरुलारियोसने धर्मसभा भरवून उलट बहिष्कार घातला. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथे दुभंगलं असं सांगायची पद्धत आहे. त्या वेळी कुणाला ते एवढं मोठं वाटलं नाही. खुद्द पोप तर एप्रिलमध्येच वारला होता. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. सम्राटाला इटलीतल्या नॉर्मनांविरुद्ध पोपची दोस्ती हवी होती, पण शहराचा जमाव पॅट्रिआर्कच्या मागे उभा राहिला आणि सम्राटाला नमावं लागलं. कागद ग्रीकमध्ये उतरवून देणाऱ्या दुभाष्यांना फटके बसले. केरुलारियोसला आपल्या हातात काय आहे ते त्या आठवड्यात कळलं.

तीन वर्षांनी ते वापरायची वेळ आली. गादीवर मिखाईल सहावा, वयस्कर आणि दरबारी मंडळींनी बसवलेला. १०५७ च्या ईस्टरला, त्याच थैल्यांच्या दिवसांत, पूर्वेकडचे सरदार राजधानीत आले. बढती द्या, इतकंच मागणं. सम्राटाने इसाकिओस कोम्निनोसला भर दरबारात फैलावर घेतलं. बाकीच्यांची काय पत राखली असेल ते समजा. सरदार परत गेले आणि फौजा घेऊन आले. लढाईत सम्राटाची बाजू हरली. बोलणी करायला जे वकील गेले त्यात प्सेलोस होता. गेला मिखाईलचा वकील म्हणून, उरला इसाकिओसचा सल्लागार होऊन.

इकडे आया सोफियात जमाव जमला आणि इसाकिओसच्या नावाचा जयघोष सुरू झाला. पॅट्रिआर्कने आधी आढेवेढे घेतले, मग बिशपांकरवी सम्राटाला निरोप धाडला, गादी सोडा. म्हाताऱ्याने विचारलं, “राज्याच्या बदल्यात बिशप मला काय देणार?” उत्तर आलं, “स्वर्गाचं राज्य.” त्याने पायातल्या राजवहाणा काढल्या आणि तो निघून गेला.

(दृश्य : इसाकिओसचं नाणं. बोट त्याच्या उजव्या हातावर थांबतं.)

१ सप्टेंबर १०५७ ला इसाकिओसला मुकुट मिळाला, केरुलारियोसच्या हातून. पण त्याने पाडलेल्या नाण्यावर बघा. नाण्यांवर सम्राटाच्या हातात सहसा क्रूस किंवा तसंच एखादं पवित्र चिन्ह असे. इथे उपसलेली तलवार आहे. हे राज्य मला देवाने नव्हे, माझ्या तलवारीने दिलं, असाच त्याचा अर्थ लोकांनी लावला.

म्हणजे दोघांनाही वाटत होतं, काम मी केलं. सुरुवातीला इसाकिओसने उपकार फेडले. आया सोफियाचा खजिनदार आणि मिळकतीचा कारभारी नेमायचा हक्क पूर्वी सम्राटाकडे होता, तो त्याने पॅट्रिआर्कला देऊन टाकला. पण फौजेला पैसा हवा होता आणि तिजोरीत खडखडाट. इसाकिओसने पगार कापले, दिलेल्या जमिनी परत घेतल्या आणि मठांच्या मिळकतीलाही हात घातला. केरुलारियोस आधी विनवून बघत होता, मग दरडावायला लागला. त्याच्या तोंडी एक वाक्य येऊ लागलं, बाजारातल्या साध्या ग्रीकमधलं : “भट्टी, तुला मीच बांधलंय, मीच पाडीन!” रोटी भाजायची भट्टी. सम्राटाला उद्देशून!

आणि पायात घातल्या राजाच्या रंगाच्या, जांभळट तांबड्या वहाणा. विचारलं तर म्हणे, जुनी चाल आहे, धर्मपीठ आणि राजपीठ यांत फरक तो कितीसा? आपल्याकडे पायातली वहाण पायातच बरी म्हणतात. त्या शहरात मात्र सगळा तंटा वहाणेच्या रंगावरच असायचा.

इसाकिओसने शहरात त्याला हात लावला नाही, जमाव उठला असता. त्याने वाट पाहिली. ८ नोव्हेंबर १०५८, देवदूतांचा सण. पॅट्रिआर्क तटाबाहेरच्या एका मठात उपासनेला गेला. तिथे वारांगियन पहारेकरी आले, उत्तरेकडून आलेले, कुऱ्हाडी बाळगणारे, ग्रीक जमावाशी देणंघेणं नसलेले. त्यांनी त्याला आसनावरून उठवलं, खेचरावर बसवलं, किनाऱ्यावर नेलं आणि बोटीत घातलं. आधी प्रोकोनिसोस बेट, मग इम्ब्रोस.

राजीनामा दे म्हणून निरोपांवर निरोप गेले. केरुलारियोस हटला नाही. तेव्हा त्याच्यावर धर्मसभेत खटला भरायचं ठरलं, तीही राजधानीपासून दूर, आणि आरोपपत्र लिहायचं काम आलं प्सेलोसकडे.

या दोघांचं कधी जमलंच नव्हतं. प्सेलोसने एकदा त्याला पत्रात लिहिलं होतं, मी मातीचा माणूस आहे, रक्तामांसाचा. मला आजार आजारासारखे वाटतात, मार मारासारखा आणि आनंद आनंदासारखा. सूर असा, की तू बाबा वरचा, तुला यातलं काय कळणार. आता लेखणी मोकळी सुटली. पाखंड, जुलूम, खून, कबरींची विटंबना असे एकामागून एक आरोप. खिओस बेटावरचे दोन साधू आणि दोसिथेआ नावाची, अंगात येऊन भविष्य सांगणारी बाई यांना केरुलारियोसने जवळ केलं होतं. त्यावर पानंच्या पानं. आरोपपत्र भलंमोठं झालं.

ते वाचायची वेळ आली नाही. २१ जानेवारी १०५९ ला केरुलारियोस वाटेतच वारला.

जागा रिकामी झाली, तिथे कॉन्स्टँटिन लिखूदिसला बसवलं. तो दरबाराचा मुरलेला कारभारी, प्सेलोसचा मित्र, इसाकिओसकडच्या त्या वकिलातीतला साथीदार. त्याच्याकडे एका मोठ्या संस्थानाच्या मिळकतीचे हक्क होते, पूर्वी कॉन्स्टँटिन मोनोमाखोसने दिलेले. इसाकिओसने त्याची दीक्षा अडवून धरली आणि आधी ती सनद परत घेतली. वर्ष उलटायच्या आत इसाकिओस स्वतः आजारी पडला, गादी सोडून मठात गेला, आणि सम्राट झाला कॉन्स्टँटिन दहावा.

नव्या सम्राटाची बायको एव्हदोकिया. केरुलारियोसची भाची.

(दृश्य : हस्तलिखिताचं पान, काळी शाई, बारीक ग्रीक अक्षरं.)

मेलेल्या मामाचा आता मोठा सन्मान करायचं ठरलं आणि त्याच्या गौरवाचं भाषण लिहायला दरबारातला सगळ्यात चांगला लेखक शोधला गेला. प्सेलोसने ते लिहिलं. लांबलचक, सुंदर. त्यात केरुलारियोस संत आहे, धैर्याचा पुतळा आहे, छळ सोसून गेलेला पुण्यात्मा आहे. आरोपपत्र त्याने फाडून टाकलं नाही. दोन्ही लेख टिकून आहेत, एकाच माणसाने एकाच माणसावर लिहिलेले.